निदान नव्हे, निश्चिती

प्रिय अपेक्षा,

बोर्ड उतरवणार नाही. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. परवा फोनवर तू म्हणालीस की आप्पा, काढून टाका तो बोर्ड, माझ्या नावाचा उगाच बोभाटा होतोय. त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं असं तुझ्या आईचं मत आहे. माझं मत तसं नाही. पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो, हे मलाही कळतं. म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. पूर्ण उघडं ठेवलं की कुणीतरी आत डोकावून विचारतं, काय पेंटर, कुणाला प्रेमपत्र?

प्रश्न नुसत्या बोर्डाचा असता तर वरच्या तीन शब्दांत पत्र संपलं असतं. पण त्या बोर्डापायी आपली कोमल अडचणीत आली आहे. सत्यमची बायको, माझ्या सख्ख्या महिपती भाऊची सून. तिला चौथा महिना लागलाय हे तुला आईने सांगितलंच असेल. बाकीचं सांगितलं नसेल, किंवा तिखट काढून सांगितलं असेल. मी तिखटासकट सांगतो.

तुझी पीएच.डी. झाली त्या आठवड्यात मी दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही. लोणावळ्यातल्या चिक्कीवाल्यांनी मला सोडून फ्लेक्स धरला त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे काम फार होतं असंही नाही. आई म्हणाली, तुम्हीपण फ्लेक्सच करा, एका दिवसात मिळतो. माझ्या मुलीसाठी फ्लेक्स? फ्लेक्सवर अक्षर मशीन काढतं आणि वेलांटी पहिली की दुसरी हे तिथला ऑपरेटर ठरवतो, आणि त्याचं मराठी कसं आहे ते तालुक्यातल्या कुठल्याही चौकात मान वर करून बघावं. मी पत्रा घेतला, त्याला प्रायमरचे दोन हात दिले, खडूची दोरी मारून सरळ रेघा पाडल्या आणि अक्षर आखायला बसलो.

आता विषयाचं नाव. तू म्हणालीस, 'फळमाशीवर संशोधन' एवढंच लिहा, बास. बास का? वरातीच्या घोड्यावर बसणाऱ्याचंही नाव तीन-तीन पदव्या लावून लिहितात. तुझ्या विषयात पाच शब्द आहेत आणि पाचही मला लिहायचे होते. तुझ्या प्रबंधाची पहिली तीस पानं मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आहेत, हे तुला माहीत आहे. मी विचारलेल्या प्रश्नांना तूच उत्तरं दिलीस आणि एकदा तर म्हणालीस की हा प्रश्न आमच्या गाईडनेही विचारला होता. ते मी विसरलेलो नाही. 'निदान' हा शब्द मी मुद्दाम टाळला. निदान म्हणजे जे आत आहे ते बाहेरून ओळखणं. वैद्य करतो ते. तुझं काम ते नाही. जे अजून ठरलेलंच नाही ते ठरतं कसं, हे तुझं काम. म्हणून 'निश्चिती'. मग ओळी पाडल्या. सर्वांत वर 'हार्दिक अभिनंदन', त्याखाली 'फळमाशीच्या', त्याखाली मोठ्या अक्षरात 'भ्रूणातील लिंगनिश्चितीचे जनुकीय नियंत्रण', मग 'या विषयात पीएच.डी.', मग 'डॉ. अपेक्षा'. वरच्या कोपऱ्यात माशीचं चित्र, लाल डोळ्यांचं. मादी काढली, पोटाचे पट्टे शेवटपर्यंत वेगवेगळे दाखवले, नराचं असतं तसं टोक काळं नाही केलं. पेरूत अंडी घालणारी ती फळमाशी वेगळी आणि पिकल्या केळ्यावरची तुझी चिलटं वेगळी, हा घोळ टाळायला चित्र लागतंच. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मी रंगवलेल्या प्रत्येक बोर्डावर असतं तसं, बारीक अक्षरात 'मारुती पेंटर, कामशेत' आणि मोबाइल नंबर. पवनानगरच्या फाट्यावर लावला. येणारा-जाणारा थांबून वाचत होता. अक्षरच तसं होतं.

तुला पहिल्यापासून इथे काय ऐकावं लागलं ते मी विसरलेलो नाही. पोरगी बेंगळुरूला काय करते? माशा मारते. हा विनोद मी सलूनमध्ये ऐकला, लग्नाच्या पंगतीत ऐकला, आणि सगळ्यांत जास्त वेळा सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकला. सांगणाऱ्याला दर वेळी तो नवा वाटायचा. मी दर वेळी समजावून सांगायचो. की बाबांनो, माशीच्या भ्रूणाला तू नर का मादी हे बाहेरून कुणी येऊन सांगत नाही. तो आतल्या आत मोजतो, एक्स एक आहे का दोन. दोन असले की एक जनुक जागं होतं आणि एकदा जागं झालं की स्वतःच स्वतःला जागं ठेवतं, ती मादी. एकच असला तर ते झोपलेलं राहतं, तो नर. सगळा निकाल पहिल्या काही तासांतच, पुन्हा चर्चा नाही. वाय असला काय नि नसला काय, माशीत या कामासाठी त्याला कुणी विचारत नाही. माणसात वेगळं, तिथे वाय आला तर मुलगा, आणि तो येतो बापाकडून. हे शेवटचं वाक्य आलं की पंगतीतले पुरुष भात वाढणाऱ्याला हाक मारायचे.

असो. बोर्ड लागून आठवडा झाला असेल, एका दादाचा वाढदिवस आला. त्याच्या कार्यकर्त्यांनी आपला फ्लेक्स माझ्याच खांबांना बांधला, आणि तोही असा की माझ्या वरच्या दोन ओळी आणि माशी, तिन्ही झाकल्या गेल्या. 'हार्दिक' दुसऱ्या वेलांटीने लिहिलेलं. आता खाली काय उरलं ते तूच वाच: 'भ्रूणातील लिंगनिश्चितीचे जनुकीय नियंत्रण. या विषयात पीएच.डी. डॉ. अपेक्षा.' आणि कोपऱ्यात माझा मोबाइल नंबर.

मी त्या दिवसांत लोणावळ्यात एका बंगल्याच्या गेटचं काम करत होतो, फाट्याकडे फिरकलोच नव्हतो. मला फोन यायला लागले. पहिल्याने दबक्या आवाजात विचारलं, ते बोर्डाचं काम तुम्हीच बघता का. मी म्हटलं, हो, साईज काय? तो म्हणाला, "तिसरा सरत आलाय." मी म्हटलं, तीन बाय किती? तो म्हणाला की मंडळींना घेऊनच येतो. मला वाटलं दुकानाचं नाव बायकोला विचारून ठरवणार असेल. दुसऱ्या फोनवर एका बाईंनी विचारलं की नियंत्रणाचं औषध आधी घ्यावं लागतं का नंतर. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी हातातला ब्रश तसाच टाकून मोटारसायकल काढली.

हस नको. मी हसलो नाही. कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत दवाखान्यांत ज्या पाट्या आहेत, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे', त्यांतल्या निम्म्या माझ्या हातच्या आहेत. लोक त्या वर्षानुवर्षं वाचतायत. आणि त्याच लोकांनी माझा बोर्ड वाचला, आणि त्यांपैकी एकानेही, एकानेही, पोलिसांत जातो म्हणून फोन केला नाही. सगळ्यांनी वेळ विचारली. शंका विचारायला समोर आली ती एकटी रतन. आपल्या भागाची, आरोग्य केंद्राची आशाताई. ती दुकानात आली, पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "दादा, मी तुम्हाला ओळखते, तरी विचारावं लागणार. हे काय आहे?" मला राग आला. माझ्यावर संशय? पण नंतर मनात म्हटलं, सबंध तालुक्यात सरळ विचारणारी ही एकच निघाली. तिला घेऊन फाट्यावर गेलो आणि तिच्यासमोर तो वाढदिवस खाली उतरवला. नीट घडी घालून खांबाशी ठेवला, फाडला नाही. रतनने माशी बघितली, वरची ओळ वाचली आणि म्हणाली, आता कळलं, पण दादा, लोकांना आता ही ओळ दिसली तरी दिसणार नाही.

तिचं खरं निघालं. दोन दिवसांनी महिपती भाऊ आला.

तुला माहीत आहे, तो माझ्या दुकानात पाय ठेवत नाही. त्याच्या लेखी हे धंद्याचं ठिकाणच नाही. त्या दिवशी आला, बाकावर बसला, चहा घेतला आणि तुझी चौकशी केली. अपेक्षा कधी येणार, जेवणाचे हाल होत असतील, पोरीनं नाव काढलं. मी आपला फुगलो. इतक्या वर्षांनी का होईना, भावाला कळलं म्हटलं. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. कोमलच्या सोनोग्राफीचा फोटो. नेहमीच्या तपासणीचा, सगळ्यांनाच देतात तो. म्हणाला, हा तिला मोबाइलवर पाठव. "घरचीच डाक्टर हाय, मंग भाईर कशाला जायचं?"

मी ओरडलो नाही. आईला विचार. बोर्डातून उरलेला पत्र्याचा तुकडा घेतला आणि त्यावर खडूने एक्स-वाय काढून त्याला पहिल्यापासून सांगितलं. माशीचं वेगळं, माणसाचं वेगळं, ठरणं वेगळं, ओळखणं वेगळं, ती पीएच.डी.ची डॉक्टर, दवाखान्याची नाही. आणि ओळखून सांगणं हा गुन्हा, विचारणंही गुन्हाच. तो सगळं ऐकत होता, मधूनमधून व्हय व्हय म्हणत होता. शेवटी म्हणाला, "मारुत्या, माशीचं कळतंय, मंग माणसाचं कळंना व्हय? माणूस काय माशीपरीस अवघड हाय?" मी म्हटलं, भाऊ, सत्यमचा वाय गेला का नाही, ते तुझ्या मुलाला विचार, सुनेला कशाला धरतोस. त्यावर तो उठला. म्हणाला, समदं पटलं तुझं, पण फोटो तेवढा पाठव. फोटो बाकावर ठेवून गेला.

ज्या माणसाने तुझ्या शिक्षणाला आठ वर्षं माशा मारणं म्हटलं, त्याला तुझी विद्या एकदाच आठवली, आणि ती यासाठी. माझा संताप कशाचा आहे ते लक्षात घे. तुझ्या पाच शब्दांतले चार त्याने टाकून दिले आणि एक उचलला, आणि तोही चुकीचा वाचला.

मग कोमल आली. लेकीला, चिमीला अंगणवाडीत सोडून, भर सकाळी, डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढत. ती या घरात आल्यापासून माझ्याशी चार वाक्यांपेक्षा जास्त बोललेली नाही. मला वाटलं फोटो परत न्यायला आली. तिने फोटोकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "काका, ताई बघायच्या नाहीत हे मला माहीत आहे. बघूच नका म्हणावं. नुसतं मुलगा आहे म्हणून सांगा."

मी तिच्यावरही चिडलो, काय लपवू. म्हटलं, अगं, तूही? मग हळूहळू तिच्याकडून कळलं. तू नकार दिलास तर काय, हे भाऊने आधीच ठरवून ठेवलं होतं. गाडी सांगितली होती, सोमवारची. कुठे जायचं ते तिला सांगत नव्हते. घाटाखाली का नगरकडे, तिला पत्ता नाही. तिथे मुलगी निघाली तर परत येताना पोट रिकामं असणार, एवढं मात्र तिला बरोबर कळत होतं. आणि सत्यम? सत्यम कंपनीतून घोरावाडीला लोकल पकडून घरी येतो, बाप बोलायला लागला की चपला शोधायला लागतो. मी म्हटलं, तू आमच्याकडे राहा. ती म्हणाली, तुमच्या आणि आमच्या घरात एक भिंत आहे काका, किती दिवस? माहेरी आई आहे, पण तीच भावजयीच्या हातात. मी म्हटलं, तक्रार करतो. तिने माझे पाय धरले. तक्रार झाली तर भाऊ आत जायचा तेव्हा जाईल, पण चिमीला घेऊन ती कुठे जाणार?

मी तिला न विचारता रतनकडे गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, गाडी ठरवणं हा काही गुन्हा नाही दादा, जागेचं नाव आणा, मी वरपर्यंत जाते. जागेचं नाव भाऊशिवाय कुणाला माहीत नाही आणि भाऊ सांगणार नाही. तरी ती दोनदा त्यांच्या घरी जाऊन आली, लसीकरणाचं निमित्त काढून. भाऊने तिला दारातच उभं केलं.

आता इथून पुढचं लिहायला मला जड जातंय, कारण तुझा आप्पा कसा आहे ते तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईकाने कितीही हट्ट केला तरी मी 'शुध्द शाकाहारी' असं लिहून दिलेलं नाही. द ला ध जोडलेला नसला तर पैसे परत करतो आणि ब्रश धुतो. रविवारी संध्याकाळी मी भाऊकडे गेलो. त्याच्यासमोर बसलो. त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, अपेक्षाने फोटो बघितला. मुलगा आहे.

त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वहिनीने देवापुढे दिवा लावला. मी म्हटलं, कुणाला बोलू नका, दृष्ट लागेल. हो, मी म्हटलं, दृष्ट. मी. जे शब्द मी पाटीवर लिहायला नाकारले असते ते सगळे त्या अर्ध्या तासात बोललो. सोमवारची गाडी आली नाही. मंगळवारपासून कोमलला सकाळी दूध मिळतं. हंडा सत्यम उचलतो. दुपारी तिला पडू देतात. चिमीला कुणी अपशब्द बोलत नाही. आमच्याकडे जिलबी आली आणि तुझ्या आईने कशाची म्हणून विचारलं तर भाऊ नुसता हसला. मी ती बाजूला सारली. एका खोट्या शब्दावर तिला जे सगळं मिळतंय त्यातलं काय असं होतं जे खऱ्यावर देता येत नव्हतं? दूध? दुपारची झोप? याचं उत्तर तुझ्या प्रबंधात नाही आणि माझ्या शब्दकोशातही नाही.

तर हे पत्र यासाठी. भाऊने आईकडून तुझा नंबर घेतला आहे. तो तुला फोन करील, आभार मानायला, आणि मानता मानता पुन्हा एकदा विचारील, नक्की ना. तू कुणाचं काही बघितलेलं नाहीस, आणि तुझ्या तोंडून खोटं निघावं असं मी कधीही म्हणणार नाही. ते मी बोललो, तुझ्या नावावर, तुला न विचारता. फोटो माझ्याकडे आहे, तो तुला पाठवलेला नाही आणि पाठवणार नाही. तू फक्त फोन उचलू नकोस. प्रयोग चालू आहेत, वेळ नाही, काय वाटेल ते आईला सांगू देत. कोमल बाळंत झाली की जे असेल ते समोर येईल. मुलगी झाली तर भाऊ सगळ्या गावाला सांगेल की मारुत्याच्या पोरीचं शास्त्र खोटं निघालं, इतकी वर्षं नुसत्या माशाच मारल्या. ते मी ऐकून घेईन. तेवढे दिवस तूही ऐकून घे, आणि तोवर मी सांगितलेलं खोडू नकोस.

तुझाच, राग अजून न उतरलेला,
आप्पा